परदेशातल्या आपल्या बाई



आपल्या समाजातल्या मुली आता शिक्षिका म्हणूनही अमेरिकेला जाऊ लागल्या आहेत. माझी पुतणी तिथल्या एका सरकारी शाळेत गणित शिकवते. तिच्याशी बोलताना आम्ही सगळ्याजणी तेच विचारतो : कंदमुळांशिवाय काही मिळतं का, सूर्यास्ताआधी जेवण होतं का? प्रश्न मायेचे आहेत, पण जेवणाची सोय मुली करून घेतात. न्यूयॉर्कच्या बाजूला डिसेंबरात साडेचारच्या सुमारास दिवस मावळतो, तरी डब्यावर भागतं. खरी परीक्षा वर्गात असते आणि त्याबद्दल आपण विचारतच नाही, असं माझं मत आहे.

इथे बाई वर्गात आल्या की मुलं उभी राहतात. तिथल्या मोठ्या वर्गांत बाई आपल्या खोलीत असतात आणि तास संपला की मुलंच खोली बदलतात. 'हे मला कशाला शिकायचं?' असं एखादं मूल बसल्या जागेवरून विचारतं. इथे वर्षानुवर्षं मान मिळालेल्या बाईंना ते लागतं. तिथे मान पदाबरोबर येत नाही, रोज मिळवावा लागतो.

पेपर वाटताना नावं घेऊन गुण वाचून दाखवणं तिथे चालत नाही. विद्यार्थ्यांच्या नोंदी खासगी ठेवण्याचा कायदा तिथे १९७४ पासून आहे. अपंग किंवा शिकण्यात अडचण असलेल्या मुलांसाठी प्रत्येकाची वेगळी लेखी योजना असते. जादा वेळ, वेगळी जागा, जे ठरलं असेल ते बाईंना पाळावंच लागतं. त्याचं मूळ १९७५च्या कायद्यात आहे.

'तिकडे शिस्तच नाही,' असं काहीजणी म्हणतात. मला ते पटत नाही. नापास मुलाचं नाव चारचौघांत घेणं ही शिस्त नव्हे, ती वाणीची हिंसा आहे. अहिंसा आपण ताटापुरतीच ठेवायची का?

पण तिथलं सगळंच बरोबर, असंही नाही. मूल मागे पडलं की आपल्या बाईंना रात्री झोप लागत नाही. ही तळमळ आपल्या मुलींनी तिथेही सोडू नये. पद्धत त्यांची घ्यावी, जिव्हाळा आपला ठेवावा. अनेकांत आपण स्वाध्यायात ऐकतो, तो असा जगायचा असतो.

या मुलींपैकी अनेकजणी 'जे-१' व्हिसावर जातात. तो तीन वर्षांपर्यंतचा असतो, फार तर आणखी दोन वर्षं वाढतो. नोकरी सुटली तर तिथलं राहणंच धोक्यात येतं. त्यामुळे शाळेत मन मोकळं करायची भीती वाटते. घरी सांगावं, तर 'डॉलर मिळतात ना?' म्हणून आपण विषय संपवतो. असं करू नका. 'आज वर्गात काय झालं?' एवढं विचारा आणि उपदेश न करता ऐका.

मुदत संपवून ती परत आली, की तिला आपल्या पाठशाळेत शिकवायला बोलवा. आपल्या मुलांनाही 'का?' असं विचारू द्या. ते ऐकून घेणारी बाई आपल्यालाही हवी आहे.