नातवंडांचे बेडूक, आजी-आजोबांची काळजी

सहा महिन्यांसाठी अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे गेलेल्या आजी-आजोबांवर नातवंडांसोबत कधी कधी आणखी एका जिवाची जबाबदारी येते. दिवाणखान्यातील काचेच्या टाकीत जेमतेम तीन-चार सेंटिमीटर लांबीचे बेडूक पोहत असतात. आई-वडील कामावर आणि मुले शाळेत गेली की त्यांना खाऊ घालणे व पाणी बदलणे ही कामे ओघानेच ज्येष्ठांकडे येतात. हा छंद रमणीय आहे. मात्र त्यात ज्येष्ठांच्या प्रकृतीशी निगडित एक गोष्ट आहे, आणि ती टाकी मांडण्यापूर्वीच घरातील सर्वांनी जाणून घ्यायला हवी.

धोका कोठे आहे?

बेडूक निरोगी व तरतरीत दिसत असला तरी त्याच्या विष्ठेतून साल्मोनेला हे जंतू पाण्यात उतरू शकतात. आफ्रिकन ड्वार्फ फ्रॉग या पाळीव बेडकांमुळे २००८ ते २०११ या काळात अमेरिकेतील अनेक राज्यांत दोनशेहून अधिक लोक आजारी पडले. त्यांत लहान मुलांची संख्या मोठी होती. संसर्गासाठी बेडकाला हात लावायलाच हवा असेही नाही. टाकीतील पाणी, वाळू वा फिल्टर यांचा स्पर्श पुरेसा ठरतो. म्हणूनच पाच वर्षांखालील मुले, पासष्टीच्या पुढील व्यक्ती आणि रोगप्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांनी असे प्राणी हाताळू नयेत, असा सल्ला सीडीसी ही तेथील रोगनियंत्रण संस्था देते. घरात तान्हे मूल असेल किंवा कोणाची केमोथेरपी चालू असेल, तर हा छंद काही काळ पुढे ढकलणेच शहाणपणाचे.

आम्लपित्तासाठी रोज गोळी घेणाऱ्यांनी अधिक जपावे. जठरातील आम्ल हा जंतूंविरुद्धचा पहिला अडसर असतो आणि या गोळ्यांनी तो दुबळा होतो.

टाकी कशी असावी?

हे बेडूक पूर्णतः पाण्यातच राहतात, परंतु श्वास फुप्फुसांनी घेतात. हवेसाठी त्यांना वारंवार पृष्ठभागावर यावे लागते. म्हणून टाकी उंच असण्यापेक्षा पसरट असावी आणि पाण्याची खोली साधारण ३० सेंटिमीटरपर्यंतच ठेवावी. दोन-तीन बेडकांना ४० लिटरची टाकी ऐसपैस होते. पाणी व झाकण यांमध्ये हवेची जागा सोडावी. झाकण घट्ट हवे, कारण लहानशा फटीतूनही हे बेडूक बाहेर निसटतात आणि कोरड्या जमिनीवर थोड्याच वेळात दगावतात.

चाळीस लिटर पाण्याचेच वजन चाळीस किलो भरते. काच व वाळू वेगळी. त्यामुळे टेबल भक्कम असावे आणि भरलेली टाकी कधीही सरकवू नये. टाकी कंबरेच्या उंचीवर ठेवली तर वाकावे लागत नाही. ती स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलाजवळ नको. विजेची वायर प्लगच्या खालपर्यंत लोंबती ठेवावी, म्हणजे ओघळणारे पाणी प्लगपर्यंत न जाता खाली ठिबकेल. पाण्यात हात घालण्यापूर्वी हीटर व फिल्टर यांचे प्लग काढावेत.

पाण्याचे तापमान २४ ते २६ अंश सेल्सिअस असावे. नळाच्या पाण्यातील क्लोरीन काढणारे औषध घातल्याशिवाय ते पाणी टाकीत ओतू नये. फिल्टर मंद प्रवाहाचा असावा. बेडूक आणण्याची घाई करू नये; विष्ठेतून निर्माण होणारा अमोनिया पचवणारे उपयुक्त जिवाणू फिल्टरमध्ये वाढायला काही आठवडे लागतात. चाचणी संचात अमोनिया व नायट्राइट शून्य दिसू लागले की मगच बेडूक आणावेत.

दुकानात क्लॉड फ्रॉग ही मोठी होणारी, टाकीतील सोबत्यांनाच गिळणारी जात चुकून हाती येऊ शकते. चारही पायांच्या बोटांमध्ये पडदा असेल तर तो ड्वार्फ. पुढच्या पायांना पडदा नसेल तर तो क्लॉड.

कामाची वाटणी

पाणी बदलणे, फिल्टर धुणे ही कामे घरातील धडधाकट प्रौढाने करावीत. आठवड्याला सुमारे पाव भाग पाणी बदलले तरी पुरते. नळीने पाणी काढताना ती तोंडाने ओढू नये, हातपंप वापरावा. काढलेले पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये न ओतता शौचालयात ओतावे. टाकीची बादली व मग वेगळे ठेवावेत आणि त्यांवर तसे लिहून ठेवावे. सांडलेले पाणी लगेच पुसावे. उतारवयात ओल्या फरशीवर पाय घसरणे हे जंतूंइतकेच घातक ठरू शकते.

ज्येष्ठांनी खाऊ घालण्याचे काम लांब चिमट्याने करावे. या बेडकांची नजर अधू असते. चिमट्यातील खाद्य तोंडासमोर धरल्यावर ते गंधाने चाचपडत येतात आणि एकाएकी झडप घालतात. हे पाहण्यात वेळ छान जातो. नंतर साबण लावून निदान वीस सेकंद हात धुवावेत. केवळ सॅनिटायझरवर विसंबू नये. हातावर जखम वा चीर असल्यास टाकीपासून दूर राहावे. मधुमेहींनी तर अधिकच, कारण टाकीच्या पाण्यातील काही जंतू त्वचेत शिरून दीर्घकाळ बरी न होणारी गाठ वा व्रण निर्माण करतात.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

संसर्गानंतर काही तासांपासून सहा दिवसांपर्यंत जुलाब, ताप व पोटात मुरडा ही लक्षणे दिसू शकतात. परदेशातील उपचारखर्चाच्या धास्तीने ज्येष्ठ मंडळी दुखणे अंगावर काढतात. तसे करू नये. शौचावाटे रक्त पडणे, १०२ अंश फॅरनहाइटहून अधिक ताप, तीन दिवसांहून जास्त जुलाब, पोटात पाणीही न ठरणे, लघवी कमी होणे किंवा उभे राहताना भोवळ येणे, यांपैकी काहीही झाल्यास त्वरित डॉक्टरांना दाखवावे. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर शरीरातील पाणी घटल्याचा मूत्रपिंडांवर लवकर परिणाम होतो. आणि घरात बेडकांची टाकी आहे, हे डॉक्टरांना आपणहून सांगावे; ते विचारतीलच असे नाही.

मायदेशी परतण्यापूर्वी या कामांची यादी करून टाकीशेजारी लावून ठेवावी. छंद पुढे झेपेनासा झाला तर बेडूक जवळच्या तळ्यात सोडू नयेत. परकी जात व तिचे रोग तेथील जीवसृष्टीला बाधक ठरतात. ते दुकानदाराकडे अथवा दुसऱ्या हौशी कुटुंबाकडे सोपवावेत. आणि इकडे आल्यावर नातवाच्या आठवणीने अंगणातला बेडूक बरणीत ठेवण्याचा मोह आवरावा. आपल्याकडच्या अनेक बेडकांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. पावसाळ्यात त्यांचे डराव डराव व्हरांड्यात बसूनच ऐकावे.