विश्लेषण : सक्तीची व्यसनमुक्ती संपल्यावर काय?
चीनमध्ये २००८च्या कायद्यानुसार व्यसनींना २ वर्षे सक्तीच्या केंद्रात ठेवता येते. पण खरा धोका सुटकेनंतर असतो. हेरॉइन बंद राहिल्याने शरीराची सहनशक्ती घटते. मग पूर्वीइतकाच डोस जीव घेतो. म्हणूनच पहिले काही आठवडे सर्वांत घातक.

कायद्यात पुढे ३ वर्षांपर्यंत समाजात राहून पुनर्वसनाची तरतूद आहे. मात्र पोलिसांच्या नोंदीत नाव असल्याने हॉटेलात ओळखपत्र दाखवले तरी चौकशी होऊ शकते. अशा माणसाला काम कोण देणार?

हेरॉइनची ओढ आवरणाऱ्या मेथाडोनचे दवाखाने चीनमध्ये २००४पासून आहेत. गरजूंना सुटकेच्या दिवशीच तिथे जोडून द्यावे, सोबत रोजगार द्यावा. नुसत्या पाळतीने व्यसन सुटत नाही.