विश्लेषण : ‘माया’ या नावाचा खरा अर्थ कोणता? भ्रम, पाणी, धैर्य की आईचे प्रेम?

मुलीचे नाव ‘माया’ ठेवायचे म्हटले की घरातले कुणीतरी मोबाइलवर अर्थ शोधते. उत्तर येते, ‘भ्रम’. मग आजी नाराज, आत्या गप्प आणि नाव यादीतून बाद. गंमत म्हणजे हीच आजी दिवसातून दहा वेळा ‘माया’ हा शब्द वापरते आणि तिला त्यातून कधीच भ्रम म्हणायचे नसते.

मराठीत माया म्हणजे जिव्हाळा. मायाळू माणूस, आईची माया. पण लाचखोर अधिकाऱ्यावर छापा पडला की त्याने ‘कोट्यवधींची माया जमवल्याची’ बातमी येते, तिथे माया म्हणजे पैसा. आणि शिंपी ब्लाउजच्या शिवणीत जे जादा कापड आत ठेवतो, पुढे सैल करायला लागेल म्हणून, त्यालाही मायाच म्हणतात.

मग ‘भ्रम’ आला कुठून?

ऋग्वेदात माया म्हणजे अद्भुत सामर्थ्य, रूपे घडवण्याची शक्ती. इंद्र, वरुण यांच्याकडे ती आहे, असुरांकडेही आहे. पुढे शंकराचार्यांच्या अद्वैत परंपरेत ती जगाच्या भासमानतेशी जोडली गेली आणि संतसाहित्यातून ‘मायेचे जाळे’ घरोघरी पोहोचले. म्हणजे मोबाइलवर दिसतो तो एका दर्शनातला अर्थ. तो खोटा नाही, पण एकमेव म्हणून सांगणे चूक आहे.

बौद्ध घरात हे नाव उच्चारले की भ्रम आठवत नाही, महामाया आठवते. सिद्धार्थ गौतमाची आई. स्वप्नात पांढरा हत्ती पाहिलेली, लुंबिनीत बाळाला जन्म देऊन सातव्या दिवशी गेलेली. महाराष्ट्रात बौद्ध कुटुंबांतील मुलींना हे नाव आदराने दिले जाते. लुंबिनी आज नेपाळमध्ये आहे आणि नेपाळी भाषेत ‘माया’ म्हणजे सरळसरळ प्रेम.

हीच महामाया जपानपर्यंत गेली. कोबे शहरामागच्या डोंगराला तिच्यावरून ‘माया’ नाव मिळाले. डोंगराचे नाव पुढे जपानी युद्धनौकेला दिले गेले. 2020 मध्ये जपानच्या नौदलात दाखल झालेली विनाशिका ‘माया’ याच नावाची. बुद्धाच्या आईचे नाव क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या जहाजावर!

आवाज एक, घराणी वेगळी

ग्रीक पुराणकथांत ‘माइया’ ही हर्मीस देवाची आई. ग्रीकमध्ये हा शब्द सुईणीसाठीही आहे. आपण ज्यांना कृत्तिका म्हणतो त्या ताऱ्यांपैकी एकाला तिचे नाव आहे. रोमनांच्या याच नावाच्या देवीवरून मे महिन्याचे नाव पडले, असे मानले जाते. हिब्रूत पाण्याला ‘मायिम’ म्हणतात, त्यामुळे इस्रायलमध्ये लोकप्रिय असलेल्या ‘माया’चा संबंध लोक पाण्याशी जोडतात. कोकणातून तिकडे गेलेल्या बेने इस्रायली कुटुंबात नातीचे नाव माया ठेवले, तर मराठी बोलणाऱ्या आजीला एक अर्थ कळेल आणि नातीच्या वर्गमैत्रिणींना दुसरा. न्यूझीलंडच्या माओरी भाषेत ‘माइआ’ म्हणजे धैर्यवान. अमेरिकी कवयित्री माया अँजेलो यांचे मूळ नाव मार्गरिट. ‘माझी बहीण’ म्हणताना भावाच्या तोंडी जे रूप बसले, ते त्यांनी आयुष्यभर वापरले. तिथे ना धर्म, ना पुराण.

एवढी साम्ये दिसली की व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड तयार होतो. मध्य अमेरिकेतली माया संस्कृती म्हणजे महाभारतातल्या मयासुराचे वंशज, हा त्यातला सर्वात टिकाऊ. पांडवांची सभा बांधणारा ‘मय’ हा मुळात वेगळा शब्द. तिकडे ‘माया’ नावाचा संबंध युकातानमधल्या मायापान या जुन्या शहराशी लावला जातो. मेक्सिको, ग्वाटेमालात आजही माया भाषा बोलणारे लाखो लोक आहेत आणि त्या भाषांचे संस्कृतशी नाते नाही. जगातल्या भाषांत मोजकेच ध्वनी आहेत. ‘मा’ आणि ‘या’ ठिकठिकाणी एकत्र येणारच. सारखा आवाज म्हणजे नातेवाईक, हा निष्कर्ष घाईचा आहे.

तशीच घाई नाव ऐकून जात-धर्म ओळखण्यात होते. भाड्याने घर देताना नुसते ‘माया’ ऐकून मालक काय ठरवणार? ती हिंदू असेल, बौद्ध असेल, ज्यू असेल, ख्रिस्तीही असेल. म्हणून लगेच पुढचा प्रश्न येतो, ‘आडनाव काय?’

संस्कृत अर्थ मुद्दाम धरून ठेवलेले एक उदाहरण मात्र आहे. 1998 मध्ये आलेल्या थ्रीडी ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरला ‘माया’ हे नाव भासाच्या अर्थानेच दिले गेले. पडद्यावर नसलेले जग उभे करणाऱ्या प्रोग्रॅमला ते चपखलही बसते. बाळाच्या बाबतीत मात्र आजीचा अर्थ पुरेसा आहे.