कावेरीच्या खोऱ्यातला म्हातारा

जी. नम्माळवार यांचा जन्म 1938 साली तंजावर जिल्ह्यातल्या इळंगाडू गावी शेतकरी कुटुंबात झाला. तिथली शेती कावेरीवर पिकते. तिच्यावरच्या मेट्टूर धरणाचे पाणी साधारण 12 जूनला सुटायचे आणि शिवारात कुरुवै हंगामातल्या भाताची घाई उडायची. अण्णामलै विद्यापीठातून शेतीची पदवी घेऊन ते कोविलपट्टीच्या संशोधन केंद्रात रुजू झाले. पावसावर जगणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला महागडी खते शिकवण्यात अर्थ नाही, हे त्यांना पटले आणि 1969 मध्ये त्यांनी सरकारी नोकरी सोडली. पुढचे आयुष्य त्यांनी गावोगाव हिंडून शेणखत, मिश्र पिके आणि देशी बियाणे यांसाठी वेचले. 2004 च्या त्सुनामीनंतर नागपट्टिणमची खारावलेली जमीन पुन्हा पिकती करण्याच्या कामात ते होते. ढैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक पेरायचे, फुलोऱ्याआधी नांगरून गाडायचे, अशी ती साधी रीत. करूर जिल्ह्यात त्यांनी ‘वानगम’ हे शेतीकेंद्र उभारले. पांढरी दाढी, डोक्याला हिरवे मुंडासे, अंग उघडे: शेतकऱ्यांना ते आपल्यातलेच वाटत.

त्यांची अखेरची लढाई कावेरी खोऱ्यातल्या मिथेन प्रकल्पाविरुद्धची. कोळशाच्या थरांतला वायू काढायचा तर आधी तिथले पाणी उपसावे लागते, आणि पाणी खाली गेले की भातशेतीच संपते. हाच प्रचार करताना 30 डिसेंबर 2013 रोजी पट्टुकोट्टैजवळ अत्तिवेट्टी येथे वयाच्या 75 व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांना वानगममध्येच पुरण्यात आले. पुढे 2020 मध्ये तमिळनाडूने कावेरीच्या त्रिभुज प्रदेशाला संरक्षित विशेष कृषिक्षेत्र ठरवणारा कायदा केला. त्यात तंजावर जिल्हाही आला.