कुलूप लावताना कारण सांगा

मा. सचिव,
ग्राहक व्यवहार विभाग, भारत सरकार,
कृषी भवन, नवी दिल्ली यांस



मी पुण्यात नारायण पेठेत राहते आणि ऑनलाइन बाजारात स्वयंपाकघरातल्या वस्तू विकते. माझा कारखाना नाही, रस्त्यावर दुकानही नाही. बोहरी आळी आणि तांबट आळीतून माल आणायचा, घरी तपासायचा, फोटो काढून लिस्टिंग करायचं आणि ऑर्डरी येतील तशी पार्सलं रवाना करायची, असा धंदा सात वर्षं चालू आहे. सोऱ्या, पुरणयंत्र, किसण्या, झारे, आणि श्रावण जवळ आला की मोदकांचे साचे. आम्हाला हल्ली रिसेलर म्हणतात. माझी जाऊ म्हणते, आपण बोहारणीच, फक्त जुने कपडे घेत नाही.

मोदकाच्या साच्याबद्दल दोन वाक्यं सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्याशी निगडित आहे. अॅल्युमिनियमचा साचा ओतून आला की त्याच्या कडेला बारीक धार राहते. ती तशीच ठेवली तर उकडीची पारी तिथे फाटते आणि गिऱ्हाईक एक तारा देऊन मोकळं होतं. म्हणून जाऊबाई प्रत्येक साचा हातात घेऊन त्याची बिजागरी दोनदा उघडमीट करतात आणि कडेवरून कानस फिरवतात. दिवसाला साठ साचे होतात. गेल्या वर्षी असे 420 साचे करून आम्ही जुलैअखेर त्या ऑनलाइन बाजाराच्या भिवंडीच्या गोदामात पाठवले होते. माल त्यांच्या गोदामात असला की तो लवकर पोचतो आणि यादीत वरही दिसतो, हे त्यांनीच शिकवलेलं.

11 ऑगस्ट 2025 ला श्रावणी सोमवार होता. गणेश चतुर्थी 27 तारखेला, म्हणजे सोळा दिवसांवर. सकाळी मोबाइल उघडला तर मेल आलेला: तुमचं विक्री खातं बंद करण्यात आलं आहे, कारण धोरणाचा भंग करणाऱ्या दुसऱ्या एका खात्याशी ते जोडलेलं आढळलं. ते दुसरं खातं कोणाचं, हे त्यात नव्हतं. कशावरून जोडलेलं, हेही नव्हतं. माझे 1,18,640 रुपये चौकशी होईपर्यंत थांबवले होते. 108 साचे विकले गेले होते. उरलेले 312 भिवंडीत होते, आणि खातं बंद असल्यामुळे ते परत मागवायचं बटणही बंद होतं.

या बाजाराचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की पत्र त्यांच्या तक्रार कक्षाकडे जाईल आणि तिथून काय उत्तर येतं ते मला पाठ झालं आहे. शिवाय माझा मुद्दा एका कंपनीपुरता नाही.

खातं बंद झालं की अपील करता येतं. अपिलाचा ठराविक साचा आहे, आमच्या साच्यांपेक्षा पक्का. त्यात तीन गोष्टी लिहायच्या: चुकीचं मूळ कारण काय, ती दुरुस्त करायला तुम्ही काय केलं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार. मी विचार करत बसले. चूक कोणती ते ठाऊक नसताना तिचं मूळ कारण कसं लिहायचं? मी पहिल्या अपिलात खरं ते लिहिलं, की माझं एकच खातं आहे आणि दुसऱ्या कुठल्याही खात्याशी माझा संबंध नाही. उत्तर आलं, माहिती अपुरी आहे. जीएसटीची बिलं जोडली, घरपट्टी, वीजबिल, बँकेचं पासबुक जोडलं. माहिती अपुरी आहे. दर उत्तराखाली वेगळं नाव आणि वर तोच मजकूर. पाचव्या वेळी मी त्या नावाला उद्देशून लिहिलं, की बाबा रे, तू खरंच माणूस असशील तर एवढंच सांग, कुठलं खातं? माहिती अपुरी आहे.

मग एक 'अपील लिहून देणारे' भेटले. असा एक धंदाच उभा राहिला आहे, आपल्याला कल्पना आहे का? पंधरा हजार रुपये मागितले, नमुना म्हणून आधी मसुदा दाखवला. भाषा उत्तम, तिन्ही मुद्दे चोख. त्यात मी दोन गुन्हे कबूल केले होते आणि दोन्ही मी केलेले नव्हते. ते गृहस्थ म्हणाले, ताई, कबूल केल्याशिवाय यंत्र पुढे सरकत नाही. जाऊ म्हणाली, पाठवून टाक, गणपती चाललेत. मी नाही पाठवलं. त्यात फार मोठा बाणेदारपणा नव्हता. जे कबूल करू ते पुढच्या वेळी आपल्यावरच उलटेल, अशी भीती वाटली.

उलगडा झाला तो घरातूनच, तोही अर्धामुर्धा. आमचे फोटो आणि लिस्टिंग करून देणारा एक कॉलेजचा मुलगा आहे. महिना पाचशे रुपये घेतो आणि असेच आणखी चार-पाच विक्रेते त्याच्याकडे आहेत. सगळ्यांची खाती तो आपल्या एकाच लॅपटॉपवरून उघडतो. त्यांतल्या एकाचं खातं नकली चार्जर विकल्यामुळे बंद झालं होतं. मुलगा गौरी जेवायच्या दिवशी दारात येऊन उभा राहिला. "काकू, माझ्यामुळे तर नाही ना झालं?" म्हणाला. झालं असेल. आजही तो आमचा अंदाजच आहे, कारण कोणी 'हो' म्हटलेलं नाही. पासवर्ड दुसऱ्याच्या हाती दिला ही चूक माझी, ती मला मान्य आहे. पण ती पहिल्या दिवशी कळली असती तर पहिल्याच अपिलात लिहिली असती आणि सोळा दिवसांतले दहा तरी वाचले असते.

खाती बंद करूच नयेत असं माझं मुळीच म्हणणं नाही. नकली माल किती असतो ते आम्ही रोज बघतो. तो विकणाऱ्याची किंमत आमच्यापेक्षा कमी असते, त्यामुळे पहिला मार आम्हीच खातो. झडप घालायला हवी, कधी कधी आधी झडप आणि मग चौकशी असंही हवं. तक्रार आहे ती मुकेपणाची. बोहरी आळीतले शेठ उधारी बंद करतात तेव्हा तोंडावर सांगतात, ताई, आधीची दोन बिलं राहिलीत, ती झाली की बघू. अपमान होतो, पण काय करायचं ते कळतं.

आता आपल्या विभागाकडे वळते. 23 जुलै 2020 ला आपण ई-कॉमर्सचे ग्राहक संरक्षण नियम लागू केले. त्यांत गिऱ्हाइकाची तक्रार 48 तासांत पोचल्याचं कळवायचं आणि महिन्याभरात तिचं निवारण करायचं असं बंधन आहे. चांगला नियम आहे, मी स्वतः गिऱ्हाईक म्हणून त्याचा फायदा घेतला आहे. विक्रेत्याबद्दल त्याच नियमांत काय आहे? त्याच्याशी असलेल्या संबंधांच्या अटी बाजाराने दाखवाव्यात, आणि एकाच प्रकारच्या मालात किंवा विक्रेत्यांत वेगळी वागणूक देत असाल तर ती सांगावी. कुलूप लावताना काय करावं, याबद्दल अक्षर नाही. अटी दाखवल्याच आहेत. त्यांत लिहिलं आहे की आम्ही कधीही खातं बंद करू शकतो.

ओळखीच्या वकिलांना विचारलं, मी ग्राहक न्यायालयात जाऊ का? मी त्या बाजाराची सेवा घेते, त्याचं कमिशन मोजते. ते म्हणाले, 1986 च्या कायद्यात, पुढे झालेल्या दुरुस्तीनंतर, स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेल्या वस्तू आणि सेवा या दोन्हींना सूट होती. 2019 च्या कायद्यात त्या स्पष्टीकरणात वस्तू तेवढ्या उरल्या. म्हणजे मी पोटासाठी शिलाई यंत्र घेतलं आणि ते बिघडलं तर मी ग्राहक. पोटासाठी दुकानाची सेवा घेतली आणि दुकानच बंद झालं तर मी व्यापारी. बरं, व्यापारी तर व्यापारी. थकलेल्या पैशासाठी लघुउद्योगांचा 2006 चा कायदा आहे, पंचेचाळीस दिवसांची मुदत, वर व्याज. तिथे चौकशी केली तर 2021 साली किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना उद्यम नोंदणी खुली झाली ती बँकेच्या कर्जापुरती, थकबाकीच्या तरतुदीसाठी नाही. उरला करार. त्यात लवादाचं कलम आहे आणि लवाद परराज्यातल्या शहरात. 1,18,640 रुपयांसाठी तिथे किती खेपा परवडतात, त्याचा हिशेब मी केला नाही.

कर कापताना मात्र मी सगळ्यांना स्वच्छ दिसते. जीएसटीचा टीसीएस अर्धा टक्का आणि आयकराचा टीडीएस 0.1 टक्का, माझ्या विक्रीतून बिनचूक वजा होतो. चूक काढायला जागा नाही.

कारण सांगण्याची सक्ती ही काही अनोखी कल्पना नाही. 2021 च्या आयटी नियमांत पन्नास लाखांहून अधिक वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांना सांगितलं आहे, की तुम्ही आपणहून कोणाची पोस्ट काढणार असाल तर आधी त्याला कारणासह कळवा आणि त्याला बोलायची संधी द्या. म्हणजे मी मोदकांचा फोटो टाकला आणि तो काढला तर मला कारण मिळेल. मोदकांचे साचे विकणारं दुकान काढलं तर नाही. युरोपीय संघातही 12 जुलै 2020 पासून लागू झालेल्या नियमानुसार बाजाराने विक्रेत्याला बंदीचं कारण त्याच वेळी लेखी द्यायचं आणि खातं कायमचं बंद करायचं असेल तर सामान्यतः तीस दिवस आधी सांगायचं.

पण युरोपकडे तरी कशाला जायचं? आपल्याकडे 2014 चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. लक्ष्मी रस्त्यावर पथारी टाकणाऱ्याला उठवायचं तर त्या कायद्याने तीस दिवसांची नोटीस लागते. त्याचं प्रमाणपत्र रद्द करायचं तर आधी त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. जप्त केलेला माल त्याने मागितल्यावर नाशवंत असेल तर त्याच दिवशी आणि नसेल तर कामाच्या दोन दिवसांत परत करायचा. प्रत्यक्षात गाडी येते, ताडपत्री ओढली जाते, काय घडतं ते मी रस्त्यावर पाहिलेलं आहे. तरीही त्याच्या हातात दाखवायला कागद आहे. माझे साचे भिवंडीत पडले होते ते दोन दिवस नव्हते, आणि त्यांचं साठवणुकीचं भाडं रोज चढत होतं. मोदकाचा साचा कायद्याच्या भाषेत नाशवंत नाही. पण अनंत चतुर्दशीनंतर त्याला कोण विचारतं?

ब्रँडेड मालाचीही एक गोष्ट आहे, थोडक्यात सांगते. एखाद्या ब्रँडने 'अनधिकृत विक्रेता' म्हणून बोट दाखवलं की आमची लिस्टिंग खाली येते. वास्तविक रीतसर विकत घेतलेला खरा माल, त्यात काही फेरफार न करता, पुन्हा विकणं हा ट्रेडमार्कचा भंग नव्हे. 1999 च्या कायद्याचं कलम 30 आहे, आणि दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 2012 मध्ये सॅमसंगच्या प्रिंटरच्या प्रकरणात तर बाहेरून आणलेल्या खऱ्या मालालाही ते लावलं. ऑनलाइन बाजारात मात्र ब्रँडची तक्रार हाच निकाल असतो. आम्ही बिल दाखवेपर्यंत हंगाम जातो.

तेव्हा विनंती अशी. 2020 च्या नियमांत विक्रेत्यासाठी एक पोटनियम घाला. खातं बंद करताना त्याच मेलमध्ये नेमकं कारण आणि कुठल्या पुराव्यावरून, ते लिहावं. दुसऱ्या खात्याचं नाव गुप्त ठेवायचं असेल तर ठेवा, पण 'एकाच लॅपटॉपवरून उघडलं' एवढं सांगायला काय हरकत आहे? अपील माणसाने वाचावं आणि त्याचा निर्णय गिऱ्हाइकाच्या तक्रारीसारखाच मुदतीत व्हावा. चौकशी चालू असली तरी विक्रेत्याला आपला माल गोदामातून नेता यावा, निदान त्याचं भाडं तरी थांबावं. आणि ज्या पार्सलांची परत पाठवायची मुदत टळली आहे त्यांचे पैसे अडवू नयेत. ते पैसे माझेही नव्हते. त्यांतले निम्मे बोहरी आळीचे होते, आणि शेठनी दिवाळीपर्यंत थांबतो म्हटलं म्हणून निभावलं.

माझं खातं 19 सप्टेंबरला, पितृपक्षात, पुन्हा सुरू झालं. दोन ओळींचा मेल होता, कारण त्यातही नव्हतं. पैसे पुढच्या आठवड्यात आले. साचे दसऱ्यानंतर परत आले, त्यांतले नऊ चेपलेले. बाकीचे 303 आमच्या माळ्यावर खोक्यांत आहेत. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे गणपती उशिरा, 14 सप्टेंबरला बसतात. जुलैअखेर ते साचे मला पुन्हा भिवंडीला पाठवायचे आहेत.

आपली,
नारायण पेठेतली एक ऑनलाइन विक्रेती, पुणे