तुळजापुरातून रतन टाटांना

नवरात्रात तुळजापूर भाविकांनी फुललेले असताना, ९ ऑक्टोबर २०२४च्या रात्री मुंबईत रतन टाटा गेले. वय ८६. धाराशिव जिल्ह्यात वाटलेली हळहळ उगाच नव्हती.

टाटा समाजविज्ञान संस्थेचे ग्रामीण केंद्र इथे तुळजापुरातच आहे. १९९३च्या भूकंपाने सास्तूर परिसर उद्ध्वस्त झाला, तेव्हा पुनर्वसनाच्या कामात या संस्थेची माणसे होती. कर्करोगाचे निदान झाले की आपल्याकडची कुटुंबे आजही परळच्या ‘टाटा’ची वाट धरतात. समाजविज्ञान संस्था १९३६ची, परळचे हे रुग्णालय १९४१चे. दोन्ही सर दोराबजी टाटा न्यासाने उभारलेली.

म्हणजे हे रतन टाटांनी सुरू केलेले नव्हे, आणि तसे स्पष्ट सांगायलाच हवे. आम्हाला त्यांचे मोठेपण दुसरीकडे दिसते. टाटा समूहाची मुख्य कंपनी असलेल्या टाटा सन्सचे सुमारे ६६ टक्के भागभांडवल धर्मादाय न्यासांकडे आहे. इतक्या प्रचंड उद्योगसमूहाची सूत्रे १९९१पासून २०१२पर्यंत सांभाळूनही त्यांनी नफ्याचा ओघ न्यासांकडून स्वतःच्या घराकडे वळवला नाही. उलट न्यासांचे अध्यक्षपद अखेरपर्यंत निभावले. कोरोनाची टाळेबंदी लागताच, मार्च २०२०मध्ये, या न्यासांनी ५०० कोटी रुपये जाहीर केले आणि त्याच दिवशी टाटा सन्सने आणखी हजार कोटी.