हजेरी घ्या, पण बसायला जागाही द्या

कोरोनाच्या काळात बंद झालेल्या शाळा ऑक्टोबर 2021 मध्ये उघडल्या, जानेवारी 2022 मध्ये पुन्हा बंद झाल्या आणि 24 जानेवारीपासून परत उघडू लागल्या. शिक्षक कामावर परत आले, विषय संपला, असं सगळ्यांनी धरून चाललं. पण ते कुठे परत आले, हे पाहायला कोणाला वेळ नव्हता.

जळगाव-धुळ्याकडे दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांचं उदाहरण घ्या. सकाळची शाळा सुटते, दुपारची भरते. खोल्या त्याच. एका खोलीत मुख्याध्यापकांचं टेबल, दप्तराची कपाटं, पोषण आहाराची पोती आणि दहा-बारा शिक्षकांना मिळून चार खुर्च्या. वह्या तपासायच्या त्या मांडीवर. एप्रिलमध्ये पारा चाळिशीपार जातो तेव्हा त्या खोलीतला एकुलता एक पंखा कुणाच्या बाजूला फिरवायचा, यावरून रुसवेफुगवे होतात. शिक्षिकांसाठी वेगळं स्वच्छतागृह नसेल तर त्या दिवसभर पाणीच कमी पितात. हे कुठल्याही अहवालात येत नाही.

काम मात्र कमी झालं नाही. लॉकडाऊनमध्ये मोबाईलवर आलेलं काम तिथेच राहिलं. यू-डायसची माहिती, आधार जुळवणी, फोटो, लिंका, आणि संध्याकाळपर्यंत 'तात्काळ' हवा असलेला तक्ता. मोबाईल आपला, डेटा आपला, प्रिंट बाहेरच्या दुकानातून.

गंमत म्हणजे कायद्यालाही शिक्षक बसलेला दिसत नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याची अनुसूची वाचा. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, मैदान, कुंपण, सगळं आहे. मुख्याध्यापकांची खोली आहे, तीही कार्यालय आणि भांडार मिळून एकच. शिक्षकांच्या खोलीचं आणि त्यांच्या स्वच्छतागृहाचं नाव नाही. त्याच अनुसूचीत शिक्षकाने आठवड्याला किमान 45 तास काम करावं, असं म्हटलंय आणि त्यात पाठाची तयारीही धरलीय. ही तयारी करायची कुठे?

'पगार घेता, सुट्ट्या घेता, वर टेबलही हवं?' हे आम्ही नेहमी ऐकतो. 'पोरांनाच बाक नाहीत' हेही ऐकतो. पहिल्याचं उत्तर सोपं आहे: पगार कामाचा मिळतो, आणि ते काम करायला जागा लागते. दुसरा प्रश्न खरा आहे. पण बाक नसलेली मुलं आणि टेबल नसलेला शिक्षक एकाच छपराखाली बसतात. एकाची अडचण दाखवून दुसऱ्याची झाकता येत नाही. हजेरीला आमचा विरोध नाही. जे येत नाहीत त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण जो वेळेवर येतो, तो उभ्यानेच दिवस काढतो, याचीही कुठेतरी नोंद व्हावी.

जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या शाळांत शाळा व्यवस्थापन समितीला विकास आराखडा करायचा असतो. त्यात ही मागणी लेखी घालावी. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा मात्र 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर या कायद्याच्या बाहेर आहेत. म्हणजे आपल्या उर्दू शाळांत सरकारकडे बोट दाखवून भागणार नाही, तिथे आपल्याच संस्थाचालकांना विचारावं लागेल. जलशाच्या मंडपाला आणि पाहुण्यांच्या शालींना पैसे जमतात. मग एक लांब टेबल, पाळीगणिक एक कपाट, एक पंखा, पाणी असलेलं एक स्वच्छतागृह आणि एक प्रिंटर, एवढ्यालाच निधी का नसतो?

हजेरी आणि हुजूर हे दोन्ही शब्द एकाच अरबी धातूतून आले आहेत. हाजिर राहायला आम्ही तयार आहोत. हुजुरांनीही एकदा मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत हजेरी लावावी. बसायला खुर्ची मिळाली तर बसावं.